नोकरी बदलली, आई-वडिलांच्या मेडिक्लेमचे काय?

मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारपट्टीवरील घरांतून नोकरीची वाट पूर्वी मुंबईला जात असे. आता ती गोव्याला जाते, पुण्याला जाते, आखाती देशांत जाते आणि जहाजावरही जाते. मुलगा एका कंपनीत तीन-चार वर्षे काढतो आणि अधिक पगार मिळताच दुसरीकडे जातो. यात वाईट काही नाही. नवा पगार, खोलीचे भाडे, प्रॉव्हिडंट फंड या सर्वांचा हिशेब घरात बसून होतो. मात्र जुन्या कंपनीने दिलेल्या आरोग्य विम्याचे काय झाले, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. तो विचारला जातो आईला इस्पितळात दाखल केल्यावर, काउंटरवर कार्ड पुढे केल्यावर. तेथे उत्तर मिळते की हे कार्ड बंद झालेले आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांना विमा घ्यावा की घेऊ नये, हाच प्रश्न धार्मिक अंगाने पडतो. तो प्रश्न त्यांनी उलेमांकडे न्यावा; या पानाचा तो विषय नाही. आम्ही येथे लिहीत आहोत ते ज्यांच्याकडे कंपनीचा विमा आधीपासून आहे आणि जे नोकरी सोडण्याच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी.

कंपनीचा विमा नक्की कोणाचा?

कंपनी आपल्या सर्व नोकरांसाठी एकत्र पॉलिसी घेते. तिला ग्रुप पॉलिसी म्हणतात. पॉलिसीची मालक कंपनी असते, हप्ता बहुधा तीच भरते आणि नोकराचे व त्याच्या कुटुंबाचे नाव फक्त यादीत असते. कंपनीच्या क्वार्टरसारखाच हा प्रकार आहे. राहिलात तोवर राहिलात, नोकरी सुटली की किल्ली परत. साधारणपणे कामाच्या शेवटच्या दिवशी नाव यादीतून निघते. त्याच्यासोबत बायकोचे, मुलांचे आणि असल्यास आई-वडिलांचे नावही निघते. खरा धोका येथेच आहे. तिशीतल्या तरुणाला दुसरा विमा सहज मिळतो. साठी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या आईला तो मिळविणे फार कठीण जाते.

हे समजण्यासाठी प्रतीक्षा काळ म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. कोणीही नव्याने स्वतःची पॉलिसी घेतो तेव्हा अपघात सोडून इतर आजारांसाठी पहिले ३० दिवस भरपाई मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचा सांधा बदलणे अशा ठरावीक उपचारांसाठी पुष्कळ पॉलिसींत दोन वर्षे थांबावे लागते. पॉलिसी घेण्यापूर्वीच असलेल्या आजारांसाठी त्याहून अधिक थांबावे लागते. ही मुदत पूर्वी चार वर्षांपर्यंत असे, ती विमा नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली आहे. ग्रुप पॉलिसीत मात्र पुष्कळदा हे थांबणे नसते. जुना मधुमेह असलेल्या आईलाही पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. म्हणूनच ती सुटणे महाग पडते. नवी पॉलिसी मिळाली तरी घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते.

सरकारी मालकीच्या चार विमा कंपन्यांनी १९८६ मध्ये मेडिक्लेम आणली, तेव्हापासून पुढची पंचवीस वर्षे विमा कंपनी बदलणारा ग्राहक आपली जुनी वर्षे गमावीत असे. २०११ मध्ये प्राधिकरणाने पोर्टेबिलिटी सुरू केली आणि एका विमा कंपनीत काढलेली वर्षे दुसरीकडे मोजली जाऊ लागली. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्यालाही मार्ग दिला गेला. या मार्गाला मायग्रेशन म्हणतात, आणि मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलणे जितके लोकांना ठाऊक आहे तितके हे ठाऊक नाही. कंपन्यांचे कार्मिक विभागही नोकराला ते आपणहून सांगतात, असा अनुभव फारसा ऐकिवात नाही.

एक उदाहरण

समजा, मालवण तालुक्यातील एक तरुण गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत तो, त्याची बायको आणि आई-वडील असे चौघे दोन वर्षांपासून आहेत. विम्याची रक्कम तीन लाख रुपये. आईला मधुमेह आहे, वडिलांचे गुडघे दुखतात. त्याला दुबईत नोकरी मिळते. तो राजीनामा देतो, एक महिना नोटीस भरतो आणि विमानात बसतो.

त्याने काहीच केले नाही तर शेवटच्या दिवशी चौघांचेही संरक्षण संपते. वर्षभराने वडिलांच्या गुडघ्यांचे ऑपरेशन ठरले, तर खर्च खिशातून. त्या वेळी नवी पॉलिसी घेतली तरी प्रतीक्षा काळ आडवा येतो.

आता दुसरी बाजू. नोटीसच्या महिन्यात त्याने ज्या विमा कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, त्याच विमा कंपनीकडे अर्ज केला की, माझे व माझ्या कुटुंबीयांचे संरक्षण आपल्या व्यक्तिगत किंवा कौटुंबिक पॉलिसीत बदलून द्यावे. ही पॉलिसी मंजूर झाली तर ग्रुपमध्ये काढलेली दोन वर्षे तिच्यात जमा धरली जातात. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना तीन वर्षांची अट असेल तर आईसाठी एकच वर्ष उरते. गुडघ्यांना दोन वर्षांची अट असेल तर वडिलांची ती संपलेली असते. मात्र ही जमा तीन लाखांपुरतीच. त्याने रक्कम वाढवून दहा लाख केली तर वरच्या सात लाखांसाठी प्रतीक्षा नव्याने सुरू होते. रक्कम वाढवू नये असा याचा अर्थ नाही. वाढवावी, पण त्या वाढीव भागावर लगेच विसंबू नये.

ती विमा कंपनीच पसंत नसेल तर? नेहमीचा मार्ग असा की आधी तिच्याच पॉलिसीत यावे, एक वर्ष काढावे आणि नंतर नूतनीकरणाच्या वेळी आपल्या आवडीच्या कंपनीकडे पोर्ट करावे. त्यासाठी नूतनीकरणाच्या तारखेआधी दीड ते दोन महिने नव्या कंपनीकडे अर्ज द्यावा. शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्याला बहुधा जुन्याच ठिकाणी राहावे लागते. २०२४ च्या परिपत्रकानुसार जुन्या विमा कंपनीने माहिती ७२ तासांत द्यावयाची आणि नव्या कंपनीने पुढे पाच दिवसांत निर्णय कळवावयाचा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण एजंट मंडळी ती सांगत नाहीत. ग्रुपमधून व्यक्तिगत पॉलिसीत जाण्याचा अर्ज करणे हा हक्क आहे. तो मंजूर होणे हा नाही. विमा कंपनी प्रकृतीची तपासणी करू शकते, हप्ता वाढवू शकते, काही अटी घालू शकते आणि नकारही देऊ शकते. पोर्टिंगलाही हेच लागू आहे. त्यामुळे जो तरुण आज नोकरीत स्थिर आहे आणि ज्याचे आई-वडील अजून धडधाकट आहेत, त्याने कंपनीचा विमा असतानाच त्यांच्या नावे एक लहानशी स्वतंत्र पॉलिसी घ्यावी, असे आमचे मत आहे. तीन वर्षे काहीही दावा न करता गेली तरी ती फुकट गेली असे समजू नये. प्रतीक्षा काळ तेवढ्यात संपलेला असतो. ही पॉलिसी नोकरीशी बांधलेली नसल्यामुळे मुलगा गोव्यात असो की दुबईत, ती चालूच राहते. व्यक्तिगत व कौटुंबिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे, तेवढा भार हलका झाला. हप्ता तरीही कमी नाही. साठीनंतर तो जड जातो. परंतु ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर विमा कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय केला पाहिजे, असे जानेवारी २०२५ मध्ये ठरले आहे.

आई-वडिलांचा आजार लपवून पॉलिसी घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. सलग ६० महिने झाल्यावर सिद्ध झालेली फसवणूक सोडून अन्य कारणाने दावा नाकारता येत नाही, हे खरे. पण त्या पाच वर्षांत इस्पितळाच्या जुन्या कागदावरून मधुमेह उघड झाला तर पॉलिसीही जाते आणि भरलेला हप्ताही.

मधल्या दिवसांचे काय?

जुनी नोकरी ३१ तारखेला सुटते, नवी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला सुरू होते. हे पंधरा दिवस घर उघडे असते. पुष्कळांचा समज असा की विम्याला ३० दिवसांची सवलत असते. ती सवलत स्वतःच्या वार्षिक पॉलिसीचे नूतनीकरण लांबले तर जुनी वर्षे जमा राहावीत यासाठी आहे. ग्रुपमधून नाव कमी झालेल्याने तिच्यावर विसंबू नये. शिवाय वार्षिक हप्ता थकला असेल तर त्या दिवसांत आलेल्या आजाराची भरपाई मिळत नाही. म्हणून मायग्रेशनचा अर्ज राजीनाम्याबरोबरच तयार ठेवावा आणि नवी पॉलिसी शेवटच्या दिवसाला लागून सुरू होईल असे पाहावे.

नवी नोकरी भारतातच असेल तर पत्रावर सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. ग्रुप पॉलिसीत आई-वडील घेता येतात काय? आणि आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे काय? पगाराची बोलणी करताना हे विचारण्यास आपली मुले संकोचतात. पगारात दोन हजार वाढवून मागण्याऐवजी आई-वडिलांचे नाव यादीत घालून मागितले तर काही घरांना त्याचा लाभ अधिक होईल. घरात लवकरच बाळंतपण असेल तर तेही विचारून घ्यावे, कारण ग्रुपमध्ये प्रसूतीचा खर्च पुष्कळदा लगेच मिळतो, तर व्यक्तिगत पॉलिसीत तो असलाच तर मोठ्या प्रतीक्षेनंतर मिळतो.

आखात आणि जहाज

आखाती देशांत मालकाने नोकराचा आरोग्य विमा काढणे आता सक्तीचे आहे. सौदी अरेबियाने यासाठी १९९९ मध्ये कायदा केला, दुबईने २०१३ मध्ये, आणि शारजासारख्या उरलेल्या अमिरातींत १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. हा विमा तेथे राहणाऱ्या नोकरासाठी असतो. मालवणात असलेल्या आईशी त्याचा काही संबंध नाही. नोकरी सुटून व्हिसा रद्द झाला की तोही संपतो, आणि तेथे काढलेली वर्षे भारतातील पॉलिसीत जमा होत नाहीत. पंधरा वर्षे आखातात काढून पन्नाशीत परतणाऱ्याची भारतातील विम्यात पाटी कोरी असते. ज्याने जाताना येथील पॉलिसी चालू ठेवली त्याची ती तशी नसते.

ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का आहे त्यांना परदेशी नोकरीस जाताना प्रवासी भारतीय बिमा योजनेची पॉलिसी घ्यावी लागते. २०१७ मध्ये सुधारलेल्या योजनेत दोन वर्षांसाठी २७५ व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, अधिक कर, असा दर ठरला. अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये मिळतात. योजना चांगली आहे, पण ती मेडिक्लेमची जागा घेत नाही. एजंटने कागद हाती दिला म्हणजे घरच्यांचा विमा झाला, असे समजणारे आढळतात, म्हणून हे लिहिले.

जहाजावरील मंडळींची गोष्ट थोडी वेगळी. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली आहे. कामावर असताना आजार किंवा दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च जहाजमालकाकडे असतो. कॉन्ट्रॅक्ट संपून घरी आलेल्या खलाशाला सुट्टीत आजार आला तर मात्र काही कंपन्या पाहतात, काही पाहत नाहीत. वर्षातले चार-पाच महिने घरी काढणाऱ्या माणसाने आपली स्वतःची पॉलिसी ठेवावी हेच बरे. तिचा हप्ता जहाजावर असताना चुकू नये म्हणून बँकेतून आपोआप भरण्याची सोय करून जावे.

ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे

अशांपैकी पुष्कळांना मेडिक्लेम नसून राज्य विमा, म्हणजे ईएसआय, असतो. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. अवलंबून असलेले आई-वडील त्यात येतात आणि आधीच्या आजारांना प्रतीक्षा नसते. नोकरी बदलली तरी विमा नंबर तोच ठेवायचा असतो. नव्या मालकाने दुसरा नंबर काढला की जुनी नोंद तुटते. म्हणून रुजू होताना जुना नंबर लिहून द्यावा. एप्रिल ते सप्टेंबर या काळात भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. वर्गणीचे दिवस पुरेसे भरले असतील तर नोकरी सुटली म्हणून उपचार त्याच दिवशी बंद होत नाहीत.

पगार २१ हजारांच्या वर गेला की चालू सहामाहीनंतर ईएसआय सुटते. हा मेडिक्लेम नसल्यामुळे त्यातील वर्षे कोणत्याही विमा कंपनीत पोर्ट करता येत नाहीत. बढतीचा आनंद साजरा करताना हे ध्यानात ठेवावे.

कोणता विमा आपल्याकडे चालतो?

पॉलिसी मिळाली तरी ती कोठे चालते हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात मोठा आहे. मुंबईत बसून निवडलेल्या पॉलिसीच्या यादीत मुंबईची इस्पितळे भरपूर असतात. कुडाळ, कणकवली, सावंतवाडीची मोजकी. आपला रुग्ण गंभीर झाला की तो गोवा, कोल्हापूर किंवा बेळगावकडे जातो. म्हणून मायग्रेशन वा पोर्टिंग करताना या तीन शहरांतील व जिल्ह्यातील कॅशलेस इस्पितळांची यादी मागवून पाहावी. जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी यादीबाहेरच्या इस्पितळांतही कॅशलेसची सोय देऊ केली आहे. ठरलेल्या उपचारासाठी ४८ तास आधी कळवावे लागते आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत. पण इस्पितळाने त्यास राजी व्हावे लागते. लहान इस्पितळ रोख मागते आणि भरपाई नंतर घ्यावी लागते. तेवढी रोकड घरी असावी.

बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज हा आपल्या जिल्ह्याचा जुना आधार. गोवा सरकारने २०१८ मध्ये परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा त्याविरुद्ध दोडामार्ग भागात आंदोलनही झाले. त्या वेळी पुष्कळांना प्रथमच कळले की शेजारचे इस्पितळ हे आपल्या हक्काचे नव्हे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात, आणि तिचा नोकरीशी संबंध नाही. रापणीवर, ट्रॉलरवर किंवा तारकर्लीच्या हंगामी हॉटेलांत काम करणाऱ्यांसाठी हीच खरी मदत. सत्तर वर्षांवरील बुजुर्गांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान कार्ड मिळते. मेडिक्लेम असली तरी ही कार्डे काढून ठेवावीत. मंजुरी नाकारली गेली, तर तेवढाच दुसरा दरवाजा.

अर्ज कसा लिहावा?

कंपनी सोडण्यापूर्वी कार्मिक विभागाकडून पुढील माहिती लेखी घ्यावी: विमा कंपनीचे नाव, ग्रुप पॉलिसीचा नंबर, प्रत्येक सदस्याचा कार्ड नंबर, कोणत्या तारखेपासून नाव यादीत आहे, विम्याची रक्कम आणि केलेले दावे. नोकरी सुटल्यावर ईमेल बंद होतो आणि फोन कोणी उचलीत नाही, म्हणून हे नोटीसच्या पहिल्या आठवड्यातच करावे. मग विमा कंपनीला असा अर्ज द्यावा:

"मी ... या कंपनीच्या ग्रुप पॉलिसी क्रमांक ... अन्वये दिनांक ... पासून विमाधारक आहे. माझे नोकरीतील शेवटचे काम दिनांक ... रोजी आहे. माझे तसेच पत्नी, आई व वडील यांचे संरक्षण आपल्या व्यक्तिगत अथवा कौटुंबिक पॉलिसीत मायग्रेशनद्वारे, आजवरच्या सलग वर्षांची जमा धरून, त्याच तारखेपासून चालू करावे. नकार असल्यास कारणासह लेखी कळवावे."

अर्ज ईमेलने पाठवावा आणि शाखेत देऊन पोच घ्यावी. पॉलिसी हाती आल्यावर जुनी वर्षे तिच्यावर छापली आहेत की नाही ते पाहावे. नसतील तर लगेच दुरुस्ती मागावी. ३० दिवसांत पॉलिसी नापसंत करून परत करता येते, तेवढ्या मुदतीत हे झाले पाहिजे.

विमा कंपनीने दाद दिली नाही तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहावे, किंवा प्राधिकरणाच्या १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. सिंधुदुर्गासाठी त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, पण नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावे लागते. मुलगा परदेशात असेल तर कागदांची एक प्रत आणि विमा कंपनीचा फोन नंबर गावी आई-वडिलांकडे, शिधापत्रिकेच्याच पिशवीत ठेवून जावा.